लग्न मी लावलं

"आजी, हात वर करा. तुमचं डोकं फोटोत येतंय."

फोटोवाला असं म्हणाला आणि मी हात वर केले. हातात अंतरपाट होता. अंतरपाट कसला, स्टुडिओतला जुना पडदा. त्याला अत्तराचा आणि घामाचा वास येत होता. एक टोक माझ्या हातात, दुसरं एजंटाच्या. पडद्याच्या एका बाजूला माझ्या भावाची नात, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा. गळ्यात प्लास्टिकचे हार. मागे भिंतीवर रंगवलेलं देऊळ. आणि भाड्याचा भटजी. तो सकाळी गोदावरीच्या घाटावर कुणाचं तरी श्राद्ध उरकून स्कूटरवर आला होता. बोटांना तीळ चिकटलेले. त्याच बोटांनी त्याने पोरांवर अक्षता धरल्या.

"हसा," फोटोवाला म्हणाला.

पोरं हसली. त्यांचं लग्न मी उन्हाळ्यात लावलं होतं. आता त्यांच्या खोट्या लग्नाचा पडदा मलाच धरायला लावला.

नीट सांगते. आम्ही पेठच्या डोंगरातले वारली. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. तिला धवळेरी म्हणतात. मी धवळेरी. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढतात. मी त्याच्यासमोर बसून गाणी म्हणते, देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, नवरा-नवरीला एक करते. माझा नवरा मेला तरी हे काम सुटलं नाही. आमच्यात त्याला आडकाठी नाही. माझं लग्न असंच लागलं. माझ्या आईचंही.

भावाची नात नर्स झाली. नाशकात नोकरी केली, मग आयर्लंडच्या दवाखान्यात जागा मिळाली. नवऱ्याला सोबत न्यायचं तर लग्नाचा दाखला हवा. दाखला नाशकात निघणार, त्यावर मुंबईचा शिक्का बसणार, मग दिल्लीचा. तेव्हा कुठे तो परदेशात खरा. आणि दाखल्याच्या अर्जात एक रकाना होता: पुरोहिताचं नाव आणि सही.

पोरीने कोर्टाजवळचा एक एजंट गाठला. मी साक्षीदार म्हणून सोबत. त्याने तिच्या मोबाइलमधले लग्नाचे फोटो बोटाने भराभर सरकवले.

"यात लग्न कुठंय? नुसती म्हातारी बसलीय."

"लग्न तिनंच लावलं," पोर म्हणाली.

त्याने शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारली. "ए, ऐक. ही आजी भटजी आहे म्हणे. कपाळ बघ तिचं."

झेरॉक्सवाल्याने मान लांब करून माझं कपाळ बघितलं. दोघं हसले.

"ताई, हे असं वर पाठवलं तर नवऱ्याचा व्हिसा विसरा," एजंट म्हणाला. "भटजी मी देतो. फोटो नवीन काढू. आजीला सही येते का? नायतर अंगठा घेऊ."

मी चौथी शिकले. सही येते. तोंड उघडणार तेवढ्यात पोरीने माझा हात दाबला. "आजी, तुला हात जोडते. गप राहा. एका फोटोचा तर प्रश्न हाय."

म्हणून मी तो पडदा धरला.

स्टुडिओतून सगळे नोंदणीच्या कार्यालयात गेलो. भटजीला खुर्ची मिळाली. मी उभी. साहेबाने अर्ज बघितला, फोटो बघितला.

"लग्न तुम्ही लावलंत?" त्याने भटजीला विचारलं.

"हो साहेब. अगदी विधिवत." जीभ जराही अडखळली नाही त्याची. मग साहेबाकडे झुकून म्हणाला, "या लोकांत कुठं लग्न असतं हो? पितात, नाचतात, राहतात एकत्र. आपणच सुधारून घ्यायचं."

साहेब हसला. एजंट हसला. आणि आमची पोरही मान खाली घालून हसली.

त्या दिवशी बघितलेल्यात मला तिचं हसू सगळ्यात घाण वाटलं. आमच्यात लग्न नसतं तर माझी आई कोण? मी कोण? मी ज्यांची लग्नं लावली त्या डोंगरातल्या सगळ्या बाया कोण? ठेवलेल्या?

"साहेब, हा खोटं बोलतो," मी म्हणाले. "यानं या पोरांना आज पहिल्यांदा पाह्यलं. लग्न मी लावलं."

"आजीचं वय झालंय साहेब," एजंट म्हणाला. "भ्रम होतो."

"भ्रम तुझ्या बापाला होतो."

साहेबाने चष्मा काढला. "म्हणजे कागद खोटा?"

"कागद खोटा. लग्न खरं."

भटजी उठला. धोतर सावरत, मला शिवणार नाही एवढं अंतर ठेवून दाराबाहेर गेला. साहेबाने फाइल टेबलावरून ढकलली. कागद फरशीवर पसरले. "जेलात जाल सगळे. उचला हे." साहेब माझ्याकडे बघत होता. मी वाकले नाही. एजंटाला वाकावं लागलं.

बाहेर आल्यावर पोर ओरडली, "आजी, वाटोळं केलंस माझं!"

"तू हसलीस," मी म्हणाले.

नवा अर्ज घेतला. पुरोहिताच्या रकान्यात मी माझं नाव माझ्या हाताने लिहिलं. खाली सही केली. खरे फोटो लावले. पोर आली, पण माझ्याशी बोलली नाही.

"बाईचं नाव?" साहेब म्हणाला. "असं आजवर आलं नाही."

"आज आलं."

"वर विचारावं लागेल."

"विचारा."

अजून विचारतायत. पोरीला रुजू व्हायचं होतं, ती एकटी गेली. नातजावई नाशकात कंपनीत जातो. ती त्याला फोन करते, मला करत नाही. नको करू दे. लोक म्हणतात, म्हातारे, एक सही भटजीची झाली असती तर तुझं काय गेलं असतं? माझं सगळं गेलं असतं. आज ही पोर भटजी भाड्याने आणते. उद्या दुसरी आणेल. मग आमचं एकेक लग्न त्यांच्या नावावर चढेल, आणि धवळेरी नावाची बाई कधी होती हे कुणी मान्य करणार नाही.

मी त्या कार्यालयात जाते. ते दाखला देत नाहीत तोवर जाणार. आणि आता कुणी लग्नाला बोलवायला आलं तर आधी सांगते, अर्ज आणून ठेवा. मांडवातच, सगळ्यांसमोर, पुरोहित म्हणून सही मी करणार. ज्या घरी अर्ज नाही, त्या घरी मी चौकासमोर बसत नाही.

हे ज्या बाईने सोसलं ती मी. पेठच्या डोंगरातली वारली. विधवा. चौथी शिकलेली. धवळेरी.