नागपूरला सांगायचं नाही

आमच्या अमेरिकेतल्या, मॉरिसव्हिलच्या घरात एकच कडक नियम होता: नागपूरच्या फोनवर ‘नर्स’ हा शब्द काढायचा नाही.

नागपूरला आत्या, बाबांची थोरली बहीण. शाळेत शिकवून तिने बाबांना इंजिनिअर केलं, त्यात तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. मी सात वर्षांची असताना आम्ही अमेरिकेत आलो, पण दर रविवारी सकाळी आत्याचा फोन ठरलेला. माझं मराठी टिकलं ते तिच्यामुळे. कॉलेजात मी प्री-मेड घेतलं, म्हणजे मेडिकलला जाण्याआधीचे विषय, आणि त्या दिवसापासून ती मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला लागली. सगळ्या कॉलनीला सांगून मोकळीही झाली.

पुढे मी मेडिकल सोडलं, पण नापास झाले नव्हते, हे आधीच सांगते, कारण इथल्या मराठी मंडळातल्या काकूंना अजून तसंच वाटतं. मेडिकलच्या अर्जात अनुभव दाखवायला हवा म्हणून मी एका हॉस्पिटलात मदतनिसाचं काम धरलं. रोग्यांना पुसून काढायचं, कूस बदलायची, बेडपॅन द्यायचं. तिथे एक आजोबा जेवायचेच नाहीत. डॉक्टर सकाळी चार मिनिटं येऊन औषध बदलून जायचे. शेवटी नर्सने शोधून काढलं की त्यांची कवळी पहिल्याच दिवशी चादरीत गुंडाळून धुवायला गेली होती. मला त्या बाईसारखं व्हायचं होतं, बस्स.

तिसऱ्या वर्षी घरी सांगितलं. बाबा वरणभात कालवत होते. म्हणाले, “बेडपॅन उचलायला आणलं का तुला इथवर?”

मीही काही कमी नाही. “तुम्ही आजारी पडाल तेव्हा तुमचं कोण उचलणार, तुमचा लॅपटॉप?” ताडकन बोलून गेले. आईने ताटं उचलली. पुढचे तीन आठवडे बाबा आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर जेवले.

मग मी शांतपणे समजावलं. नर्सिंग करून काही वर्षं काम करायचं, पुढे आणखी शिकून नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं. मग रोगी तपासता येतात, औषधंही लिहून देता येतात. बाबांचा चेहरा एकदम खुलला. “अगं, म्हणजे डॉक्टरच की! मग ताईला कशाला काही सांगायचं? उगाच जिवाला लावून घेईल.”

मी हो म्हटलं. सगळं बाबांवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण खरं सांगायचं तर मलाही ‘डॉक्टरीणबाई’ ऐकायला आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

गेल्या हिवाळ्यात, नर्सची नोकरी सांभाळून त्या पुढच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष चालू असताना, एका रविवारी आत्याने व्हिडिओसमोर पाय धरला. नवी चप्पल चावली होती. करंगळीशेजारी काळपट जखम. आत्याला वीस वर्षांपासून शुगर.

“आत्या, आजच्या आज डॉक्टरला दाखव.”

“मग तू कोण आहेस गं? इथे तासन्‌तास बसवून ठेवतात. तू बघितलंस ना? सांग, काय लावू?”

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. फोनच्या मागे बाबा उभे होते, नको नको अशी मान हलवत. मग मी नुसतं पथ्य सांगितलं. “कोरडी ठेव. हळदबिळद लावू नकोस. अनवाणी फिरू नकोस. पण दोन दिवसांत दाखव, प्लीज.”

कोरडी ठेवली तिने, अगदी शाळेच्या शिस्तीत. दाखवायला मात्र गेली नाही. शेजारणीने दोनदा रिक्षा आणली, ती हिने परत पाठवली. “माझी भाची अमेरिकेत डॉक्टर आहे, तिने बघितलंय.” मी बुधवारी मेसेज केला, गेलीस का? तिने हात जोडलेला इमोजी पाठवला. माझी परीक्षा होती. मी तो ‘हो’ समजले.

तिसऱ्या आठवड्यात तिला ताप चढला. बाबा मिळेल त्या विमानाने निघाले. ते पोचेपर्यंत गुडघ्याखालून पाय कापून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीआधी, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. बाबांनी तिच्यासमोर फोन धरला. केवढीशी दिसत होती आत्या!

“डॉक्टरीणबाई,” ती हसली, “तू सांगितलंस तसंच केलं हं मी. माझंच नशीब फुटकं, तुझी काही चूक नाही.”

ते मात्र मला सहन झालं नाही. “आत्या, मी डॉक्टर नाहीये. मेडिकलचं मी केव्हाच सोडलं. मी नर्स आहे.”

फोन कलला, क्षणभर नुसता पंखा दिसला. मग परत आत्या. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर बाबांना झापेल. ती जराही रागावली नाही. पांघरूण जिथे एकाएकी सपाट होत होतं तिथे बघत राहिली.

“नर्स?” ती म्हणाली. “मग आधी सांगायचंस ना, बेटा. नर्स म्हणाली असती डॉक्टरकडे जा, तर मी त्याच दिवशी गेले असते गं.”