बियाण्याची लाख आणि शेटजींचा आवडता शब्द

"हे दोन झाडं सोडा सायब. याले हात नाही लावू देत," सुनंदाबाई म्हणाल्या आणि पळसाला टेकून उभ्या राहिल्या. चिचगडजवळच्या त्यांच्या बांधावर लाख असलेले तेवढेच पळस उरले होते. बाकीची लाख आमच्या टेम्पोत होती. टेम्पो मात्र अर्धाच भरला होता.

मी गोंदियातल्या लाखेच्या कारखान्यात परचेस मॅनेजर. लाख म्हणजे एका बारीक किड्याने स्वतःभोवती केलेलं कवच. बांगड्यांत, पॉलिशमध्ये ती वापरतात. पावसाळा लागला की कवचातून तांबडी पिल्लं निघतात. म्हणून शेतकरी काही फांद्या किड्यांसकट राखतो आणि वेळ आली की त्या दुसऱ्या पळसांना बांधतो. पिल्लं कोवळ्या फांद्यांवर चढून रस पितात, नवं पीक धरतं. राखलेल्या फांद्या म्हणजे बियाणं. तेही विकलं तर दिवाळीला झाडावर नुसती पानं.

सोबत अनुराग होता. नागपूरचा एमबीए, माझ्या मुलाच्या वयाचा, पद 'इकोसिस्टम मॅनेजर'. हा इंग्रजी शब्द आमच्या मालकांचा, शेटजींचा, भारी लाडका. आल्या आल्या त्याला केबिन मिळाली. माझं टेबल गोदामाच्या दारात, धुळीत. शेटजी त्याला 'अनुरागजी' म्हणत, मला 'अरे शेंडे'. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा. पोरगा कुठेतरी तोंडघशी पडावा, याची मी वाटच बघत होतो.

"दादा, या मुंग्या लाख खातात?" त्याने झाडाकडे बघत विचारलं.

"नाही. किड्याच्या अंगातून गोड पाणी निघतं, त्यासाठी येतात. लाख खाणाऱ्या अळ्या वेगळ्या."

त्याने लगेच मोबाईलमध्ये टिपून घेतलं. माझी आयुष्यभराची शिदोरी फुकटात चालली होती.

तेवढ्यात शेटजींचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"अरे शेंडे, गाडी भरी?"

"आधी भरी, शेटजी. बचा है वो बियाणं है."

"तो क्या हुआ? दुगना रेट दो, उठाओ."

"उठाया तो दिवाली में माल नहीं मिलेगा. मैं हर साल बोलता हूँ."

"तुम हर साल बहाना बनाते हो. गाडी भरके लाओ, नहीं तो दूसरा आदमी देखता हूँ."

सुनंदाबाईंनी सगळं ऐकलं होतं. "दुप्पट भावात पोरीच्या नर्सिंगची फी निघून जाते माह्या," त्या हळूच म्हणाल्या. "पण मंग पाण्याच्या दिवसांत झाडाले बांधू काय?"

मला माझी नोकरी टिकवायची होती. अनुरागने माझ्या हातातून फोन घेतला.

"सर, सीड उठाया तो अपना इकोसिस्टम कोलॅप्स हो जाएगा."

मग शेटजी म्हणाले, "अच्छा, इकोसिस्टम का मामला है? तो रहने दो. जितनी भरी है, उतनी ही गाडी ले आओ."

बियाणं वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंगाची आग आग झाली. मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला तर तो बहाणा, आणि या पोराचं एक वाक्य म्हणजे ज्ञान!

परतीच्या वाटेवर त्याला खोचकपणे विचारलं, "काय असतं रे हे इकोसिस्टम?"

"झाड, किडा, मुंगी एकमेकांच्या आधाराने जगतात ना दादा, तेच. धंद्यात सुनंदाबाई, टेम्पोवाला, आपला कारखाना. एक मोडला की बाकीचे हळूहळू मोडतात."

बरोबर बोलला, म्हणून आणखी राग आला.

शेजारच्या गावांतलं बियाणं दुसऱ्या व्यापाऱ्यांनी दुप्पट भावाने उचललं. दिवाळीला तिथले पळस रिकामे होते आणि आमच्याकडे टेम्पो कमी पडला. शेटजींनी मीटिंग घेऊन अनुरागला हार घातला. टाळ्या मीही वाजवल्या, दातओठ खात.

त्या दिवाळीत काट्यावर माल चढवताना सुनंदाबाईंनी विचारलं, "सायब, तुमीबी तं तेच बोलले होते. मालकानं तुमचं काऊन नाही आयकलं?"

"मी साध्या भाषेत बोललो होतो, बाई."

"मंग तो शब्द पाठ करून ठेवा," त्या गठ्ठा काट्यावर टाकत म्हणाल्या. "तो पोट्टा नोकरी सोडून गेला तं पुढच्या साली मालकाले कोण थांबवन?"