पांढरी फडकी

जयपूरला येऊन वर्ष झालं तेव्हा एका वॉर्ड कार्यालयातले जुने कागद स्कॅन करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी कंपनीची सुपरवायझर, मूळची साताऱ्याची आणि टापटिपीची भारी हौस. त्या हौसेचा आता मला संताप येतो.

तळघरातल्या खोलीत रॅकभर कापडात बांधलेले गठ्ठे होते. तिथे त्यांना बस्ते म्हणतात. काही फडकी लाल, काही पांढरी, बहुतेकांच्या चिंध्या झालेल्या. रेकॉर्ड सांभाळणारे बाबूजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर गेले आणि मी लगेच नवं पांढरं कापड मागवलं. फाटकी लाल फडकी काढून टाकली आणि ते बस्ते पांढऱ्यात बांधून घेतले. इतकं छान दिसत होतं की मी फोटो काढला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई माझ्याबद्दल उगाच म्हणत नसे.

त्याच आठवड्यात एक म्हातारी आली. तिच्या दारावर नोटीस चिकटली होती: घर अतिक्रमणात आहे, महिन्याभरात पुरावा द्या, नाहीतर पाडू. नवऱ्याचं नाव जुन्या घर-सर्वेच्या रजिस्टरात आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. मी नियमांचं पुस्तक उघडून तिला ऐटीत सांगितलं, "माँजी, ये रजिस्टर हमेशा रखना पड़ता है. कानून है. बाबूजी छुट्टी से आते ही निकाल देंगे."

"बस बेटा, अब डर नहीं," ती म्हणाली.

मग मुदत संपलेले कागद नष्ट करायची यादी आली. रॅकवरचे पांढरे बस्ते मोजून कारकुनाने ती केली होती. बाबूजी नसल्याने सही माझ्यावर आली होती. प्रत्येक बस्ता उघडून बघायचा आणि मग सही करायची, असा नियम. मी उघडले नाहीत. 'तपासले' लिहून सही ठोकली. दुसऱ्या दिवशी एक ट्रक लगद्यासाठी भरून गेला.

बाबूजी परत आले ते डोळ्यावर काळा चष्मा लावून. रॅकवरच्या बस्त्यांवरून हात फिरवत गेले.

"मॅडमजी, लाल वाले कहाँ हैं?"

लाल म्हणजे कायम जपायचे, पांढरे म्हणजे मुदतीचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तिथे प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. उरलेले सगळे बस्ते आम्ही सोडून पाहिले. घर-सर्वेचं रजिस्टर कशातच नव्हतं, आणि ते स्कॅनही व्हायचं राहिलं होतं.

नोटिशीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी म्हातारी आली. बाबूजींनी एका ओळीचं उत्तर टाइप केलं: अभिलेख उपलब्ध नहीं है. खाली शिक्का मारला आणि माझ्याकडे न बघता कागद माझ्यापुढे सरकवला. तो तिला मीच द्यायचा होता.

तिला वाचता येत नव्हतं. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं, कागदाची जपून घडी केली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली.

"मोहर लग गई," ती म्हणाली. "अब कोई नहीं तोड़ेगा."

मला बोलायचं होतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ती जिना चढून निघून गेली. मी तिला हाक मारली नाही.