सगळे बरे होतात अशी पुस्तकं

मी रोहा सोडलं त्या दिवशी गाडी आमच्यामुळे थांबली होती. कुणी प्रवासाला निघालं की आमच्याकडे प्रार्थना होते, आणि पप्पांच्या मते ती अगदी पाऊल उचलतानाच करायची असते. म्हणून प्लॅटफॉर्मवर, बॅगांच्या मधोमध, पप्पा, मम्मी आणि मी डोळे मिटून उभे होतो. पप्पा त्याच स्टेशनवर पॉइंट्समन. इतरांच्या गाड्या त्यांनी आयुष्यभर वेळेवर सोडल्या, पण विमानाचा पायलट, एअरपोर्टवरचे साहेब, स्कॉटलंडची थंडी, माझी तिथली लॅब असं एकेक परमेश्वराच्या हाती सोपवता सोपवता त्यांना भान राहिलं नाही. शेवटी गार्डसाहेबच खाली उतरून आले.

"भाऊ, आमेन म्हणा आता. सिग्नल कधीचा पडलाय."

डब्यातली माणसं हसली. मला मान वर करवेना. मम्मी डोळे पुसत म्हणाली, "बघ गो तुझा बाप. दुसऱ्या कुणासाठी गाडी थांबवायचा नाय कधी."

रोह्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. चर्च लांब, म्हणून रविवारी संध्याकाळी रेल्वे क्वार्टरमधल्या आमच्या बाहेरच्या खोलीतच उपासना व्हायची. गाणं, वाचन, प्रार्थना, आणि मग साक्ष. म्हणजे त्या आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं, ते प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. मला त्या साक्षीची शनिवारपासूनच धडकी भरायची. माझ्या आठवड्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नसायचं, आणि घडलेलं असलं तर ते सांगण्यासारखं नसायचं.

माझी सुटका झाली ती माझ्या इंग्लिश मीडियमच्या शाळेमुळे. शेजारच्या मेहरून खालांचे मिस्टर कुवेतला नोकरीला होते. तिथे त्यांच्या खोलीत राहणारा केरळचा एक ख्रिस्ती माणूस वाचून झालेली भक्तिपर पुस्तकं त्यांच्याजवळ द्यायचा, "तुमच्या शेजाऱ्यांना द्या" म्हणून. त्यामुळे त्यांच्या बॅगेतून खजूर, अत्तर आणि इंग्रजी भक्तीची पुस्तकं एकत्रच यायची. आमच्या कित्येक पुस्तकांना अत्तराचा वास होता. पप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण देवाचं पुस्तक न वाचता ठेवणं त्यांना पटेना. मग उपासनेत मी एक पान वाचायचं आणि मराठीत सांगायचं असं ठरलं. त्या बदल्यात साक्ष माफ. दुसऱ्या कुणाचं म्हणणं सांगायचं असलं की मला बोलता यायचं.

रोजचं एक पान. वर बायबलमधलं वचन, मध्ये गोष्ट, खाली छोटी प्रार्थना. गोष्टी सगळ्या थंड देशातल्या. बर्फात अडकलेल्या मोटारी, हरवलेली कुत्री, गोल्फ खेळताना देवाचा आवाज ऐकणारे गृहस्थ. मी मनाने बदल करायचे. बर्फाच्या वादळाच्या जागी नागोठण्याचा पूर घालायचे, कुत्र्याच्या जागी बकरी. एकदा बकरी सापडल्यावर एका आजींनी विचारलं, "कुणाची गो, आपल्या आळीतली काय?" गोल्फवर मात्र माझ्याकडे उपाय नव्हता. ती पानं मी उलटून टाकायचे.

तेव्हा मला ती पुस्तकं मनापासून आवडत. गाठ कितीही पक्की असो, पानाच्या तळाशी सुटलेलीच असायची. मम्मी मात्र तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "ह्यांच्यात सगळीच कशी बरी होतात? कुणाचा ताप उतरतच नाय, असं होतच नाय काय?"

"अगं, साक्ष आहे ती," पप्पा म्हणायचे.

"मग असू दे," ती म्हणायची, पण तिचं समाधान झालेलं नसायचं.

स्कॉटलंडला, ॲबरडीनमध्ये, मी पाण्याचे नमुने तपासते. गाव करड्या दगडाचं, वारा सरळ समुद्रावरून येतो. इथे चर्चना तोटा नाही, पण एकात रेस्टॉरंट निघालंय आणि एकात फ्लॅट. आम्ही रोह्यात जाजम अंथरून चर्च करायचो, म्हणून ते बघताना मला राग यावा की हसू, कळेना. दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये आमच्याकडच्यासारख्या पुस्तकांची फळीच्या फळी असते. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं आणून टाकतात. पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव असतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. पहिल्या हिवाळ्यात मी पिशव्या भरभरून ती घरी आणली.

पण आता ती वेगळी वाटत होती. नवी, गुळगुळीत कव्हरची पुस्तकं मला नागोठण्याच्या केमिकल कंपनीतल्या सेफ्टीच्या बोर्डांसारखी वाटायची. भीती दाराबाहेर ठेवा, कृतज्ञतेचं हेल्मेट घाला. जुनी कापडी बांधणीची जरा बरी. त्यातल्या एका लेखिकेने झोपेसाठी प्रार्थना केली होती आणि झोप आली नव्हती. तिने तेवढंच लिहिलं होतं. पुढे काही नाही. ते पान मी पुन्हापुन्हा वाचलं, पण मराठीत कुणाला सांगितलं नाही.

दरम्यान पप्पा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि ते दोघं पेणला रामवाडीत फ्लॅट घेऊन राहायला गेले. माझं सामान मी नसताना हललं. उपासना नव्या बाहेरच्या खोलीत भरू लागली, आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर मी माझं पान वाचायचे.

मग मम्मीच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झाल्यावरच ती कसली ते कळणार होतं. पप्पा म्हणाले, "तू धावत येऊ नकोस. रविवारी चांगलंसं पान वाच. तिला धीर येईल."

शनिवारी दुपारी सगळी पुस्तकं मी पलंगावर पसरली. आजारावरची पानं भरपूर होती. प्रत्येकात रिपोर्ट यायचा आणि तो चांगलाच यायचा. मी वाचेन, मम्मी ऐकेल, आणि तिचा रिपोर्ट तसा आला नाही तर? मग आमच्या दोघींत बोलायला काय उरेल? तरी पप्पांनी सांगितलं होतं, म्हणून एक चांगलंसं पान निवडलं.

रविवारी स्क्रीनवर रामवाडीची खोली दिसली. चार बायका, रोह्याहून मुद्दाम आलेल्या मेहरून खाला, आणि मध्ये खुर्चीवर मम्मी, कधी नव्हे ते हातात काही काम नसलेली. मी सुरुवात केली. एक बाई हॉस्पिटलमध्ये भरती होते...

"बरी झाली काय ती?" मम्मीने मध्येच विचारलं.

"हो."

"मग नको वाचूस. माझं अजून कळायचंय." मग म्हणाली, "तुझं सांग. ही बाई कोण, मला ठावी नाय."

मी पुस्तक मिटलं. माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट होती. "मला भीती वाटते, मम्मी. प्रार्थनेला बसते, तर शब्दच येत नाहीत."

पप्पांनी वचन म्हणायला तोंड उघडलं. "अहो, थांबा," मम्मी म्हणाली. "मला पण वाटते गो. ह्यांच्यासमोर बोलायची सोय नाय, लगेच वचन काढतात."

"भाऊ, तुमच्यापेक्षा तो डॉक्टर बरा," मेहरून खाला म्हणाल्या, "तो ऐकून तरी घेतो." सगळ्या बायका हसल्या. हसता हसता मम्मी रडली, आणि तिला रडताना बघून मला कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेता आला. पप्पांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मलाही वाटते."

ऑपरेशन झालं. रिपोर्ट पुस्तकातल्यासारखा आला नाही. ट्रीटमेंट चालू आहे, पनवेलला खेपा चालू आहेत. पुढचं डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. मी रजा जमवते आहे. पुस्तकं टाकून दिलेली नाहीत, वाचतेही. फक्त माझ्याऐवजी बोलायला आता ती नसतात.

तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना हे माहीत असेल की घर कुठे, असं विचारलं की तोंडात आधी जुना पत्ता येतो. माझ्याही तोंडात रोहा यायचं. आता मी रामवाडी सांगते. त्या खोलीत मी अजून एकदाही झोपलेली नाही, तिथलं पाणी कसं लागतं ते मला माहीत नाही. पण रविवारी स्क्रीन उजळली की मम्मी, केस गेलेल्या डोक्यावर रुमाल बांधलेली, आधी हेच विचारते, "हां, बोल, या आठवड्यात कसली भीती?" मी सांगते. मग ती तिची सांगते.