मिनिटाचं गाणं आज संपेचना

मित्रमैत्रिणींनो, आज आमचा बँड बंद होणार होता.

चार वर्षं आम्ही तिघं कर्जतमध्ये हार्डकोर पंक वाजवतोय. वेगवान, ओरडून म्हटलेली, मिनिटभरात संपणारी गाणी. त्यात खालूबाजाचा, म्हणजे कोकणातल्या लग्नात वाजणाऱ्या ढोल-सनईचा, ठेका मिसळतो, कारण माझे बाबा लग्नांत ढोल वाजवतात आणि तो ठेका लहानपणापासून माझ्या कानात आहे.

ड्रमर नोकरीसाठी पुण्याला गेला. शेवटचं एकदा वाजवू म्हणून आज त्याच्या जागी मी बाबांना बोलावलं.

गाणं संपलं, मी थांबले. बाबा वाजवतच राहिले.

"बाबा, संपलं."

"एवढ्यात? वरात दारातनं हलली पण नाय गं. सनईवाला सनई खाली ठेवत नाय, तवर ढोल थांबवायचा नसतो."

गिटारवाली प्रिया हसली आणि तिनं पुन्हा सुरुवात केली. मग मीही गायला लागले. ते गाणं सात मिनिटं चाललं. शनिवारी आमचा एक कार्यक्रम ठरलेला होता, तो आता रद्द करत नाही.

मी घरातली पहिली पदवीधर, आणि माझे बाबा ढोल वाजवतात हे सगळीकडे अभिमानाने सांगते. त्यांचा ठेका चार वर्षं वापरला, पण वाजवायला या, असं आज पहिल्यांदा म्हटलं.

तुमच्या घरातल्या अशा कुणाला बोलवायचं राहून गेलंय?