मेश्रामबाईंच्या चॉकलेटच्या गोष्टी

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मेश्रामबाईंचं नाव होस्टेलच्या सचिवांना मी सांगितलं. सुनंदाताईंनी नाही. मी.

ज्यांनी मेश्रामबाईंना पाहिलेलं नाही, त्यांना एवढ्यावरून काहीच कळणार नाही. म्हणून आधी बाई सांगतो.

नागपुरात महाल भागात माझं टायपिंगचं आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रवेशाचे अर्ज, संस्थांचे अहवाल, असली कामं. आठेक वर्षांपूर्वी मार्चातल्या एका दुपारी पन्नाशीची एक बाई छत्री मिटत आत आली. जाडसर बांधा, सुती साडी, कपाळावर घाम. हातातले कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "जय भीम भाऊ. दोन मिनिटं थांबा, मंग काम." पर्समधून तिनं स्टीलची चपटी डबी काढली, डबीतून एक चॉकलेट, ते जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून पंख्याखाली उभी राहिली. चावलं नाही. जबडा जरासुद्धा हलला नाही. मी हातात कागद घेऊन अवघडून बसलो. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाली, "संत्र्याची साल जास्त झाली. सुनंदाले सांगा लागते." मग मागच्या नळावर जाऊन तिनं तीनदा खळखळून चूळ भरली, पदरानं ओठ पुसले, पदर हुंगून पाहिला, आणि तेव्हा कुठे खुर्चीवर बसली.

पुढची तीन वर्षं, महिन्यातून दोनदा, हे असंच होत राहिलं. आधी चॉकलेट, मग चूळ, मग काम. एकदा मी म्हणालो, "बाई, एवढ्या वेळात मी तर चार खाल्ली असती." तर म्हणाल्या, "चावलं की संपलं, भाऊ. इरघळू द्यावं. घाई करणाऱ्याले चव भेटत नाही, नुसता गोडवा भेटते."

काम असं होतं. सुनंदाताई हुडकेश्वरला राहत्या घरी चॉकलेटं बनवून विकत. मेश्रामबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. प्रत्येक डब्यात त्या एक घडीचं पत्रक ठेवत, आणि त्या पत्रकावर एक गोष्ट असे. वेलचीच्या चॉकलेटची एक, मिरचीच्या चॉकलेटची एक, संत्र्याची वेगळी. गोष्टी प्रेमाच्या. खाली नाव असे, "एक चाखणारी". ही चाखणारी कोण ते सुनंदाताईंना माहीत होतं आणि मला. तिसऱ्या कोणाला कळून चालणारं नव्हतं, कारण मेश्रामबाई मुलींच्या एका होस्टेलच्या वॉर्डन होत्या. आवारातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्या आणि त्यांचे यजमान राहत. नोकरी गेली तर घरही जाणार होतं.

गोष्टी चावट होत्या म्हणणं बरोबर नाही. खोडकर होत्या. एका गोष्टीत मे महिन्यात वीज जाते, डब्यातली चॉकलेटं पातळ होतात, आणि कोणाच्या बोटावरचं कोणी खायचं यावरून दोघांचं लुटुपुटूचं भांडण होतं. वीज येते तेव्हा दोघांनाही पंखा लावायचं सुचत नाही. मी पहिल्यांदा ती टाइप केली तेव्हा माझे कान गरम झाले. म्हणालो, "बाई, या दोघांचं लग्न झालेलं आहे, असं कुठंतरी घालू का?"

"काहून? तुमी पत्रिका छापून राहिले काय त्याहिची?" त्या हसल्या. "लग्न झालं का नाही ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी फक्त चॉकलेट कोणाच्या तोंडात गेलं तेवढं सांगते."

आता कबुलीतला अवघड भाग.

मी टायपिंगला आलो तो खिळ्यांच्या छापखान्यातून. कोवळ्या वयात शिशाची अक्षरं जुळवत होतो. ती अक्षरं उलटी असतात; जुळवणाऱ्याला उलटं वाचायची सवय होते, ती जन्मभर जात नाही. मेश्रामबाईंच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीतल्या पुरुषाला ही सवय होती. त्याच्या बोटांच्या पेरांत काळी शाई बसलेली होती. एका गोष्टीत तो तिच्या उघड्या पाठीवर बोटानं तिचं नाव लिहितो आणि तिनं ते ओळखायचं असतं. ओळखलं की एक चॉकलेट. तिला ओळखताच येत नाही, कारण तो उलटं लिहितो. ती चिडते, "सरळ लिही ना!" तो म्हणतो, "हाताला सवय नाही. तूच आरशात जाऊन पाहा." ती म्हणते, "पुन्हा लिही." सकाळपासून दुपार होते आणि डबा भरलेलाच राहतो.

ही गोष्ट मी तीनदा वाचली. प्रूफासाठी एकदा पुरेसं होतं. नागपुरात किती माणसं अशी उरली असतील, ज्यांना उलटं वाचता येतं? आणि त्यातली किती या बाईच्या ओळखीची? मी सत्तेचाळीस वर्षांचा, चष्मेवाला, घरी बायको, कॉलेजात मुलगी. आजवर माझ्याकडे कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, ही बाई मला लिहिते आहे. ती माझ्या दुकानात येऊन डोळे मिटून चॉकलेट खाते त्यालाही मी अर्थ दिला. ती मला भाऊ म्हणायची, ते मी सोडून दिलं. नागपुरात रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळेच भाऊ. ती यायची त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालू लागलो. बोललो मात्र कधीच काही नाही. पण मनात तीन वर्षं मी त्या गोष्टींमध्ये राहिलो.

मग एके दिवशी जी गोष्ट आली तिच्यात मी नव्हतो. पुरुष कळमन्याच्या बाजारातला संत्र्यांचा दलाल होता. दणकट दंडांचा, मिशीवाला. तो तिच्या तोंडात चॉकलेट देऊन डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि संत्र्याचा भाव विचारायचा. बाई त्या दिवशी फार खुशीत होत्या. "कसा वाटला माहा दलाल?" मी म्हणालो, "ठीक आहे." "नुसता ठीक? एवढ्या मिशा लावल्या त्याले!" त्या हसत हसत गेल्या. मी ती गोष्ट दात आवळून टाइप केली.

दुसऱ्याच दिवशी होस्टेल चालवणाऱ्या संस्थेचे सचिव प्रवेश-अर्जाचा नमुना घेऊन आले. टेबलावर आधीच्या गोष्टींच्या पत्रकांचा गठ्ठा होता. त्यांनी एक उचललं, वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं. "काय बाप्पा! कोण लिहून राहिलं हे?"

मला माहीत नाही, एवढं म्हणणं शक्य होतं. मी म्हणालो, "तुमच्याच वॉर्डनबाई. मेश्रामबाई."

हसून म्हणालो. सहज सांगतो आहे असं दाखवत. पण सहज नव्हतं. त्या दलालाला मी मारत होतो. सचिव हसले नाहीत. त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

तीन आठवड्यांनी बाई आल्या. डबी काढली नाही. म्हणाल्या, "जा म्हणून सांगतलं भाऊ. मुलीहिच्या होस्टेलात असली बाई नको म्हणे. माह्यासमोर पत्रक वाचलं, पाच माणसाहिनं बसून. पाठीवर नाव लिहायची गोष्ट. एकानं विचारलं, हे तुमच्याच पाठीचं हाय काय." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "मले नोकरीचं नाही, भाऊ. माही गोष्ट त्या माणसाच्या तोंडून ऐका लागली, त्याचं वाटते."

मी विचारलं, "कळलं कसं त्यांना?" हे मी विचारलं. मीच.

"सुनंदाच असंल. तिले बोलायची लय सवय. तिच्याशिवाय अन् तुमच्याशिवाय होतं कोणाले माहीत? तुमी तर घरचे."

मी म्हणालो, "असेल."

त्या एका शब्दावर सुनंदाताईंची चाळीस वर्षांची मैत्री तुटली. पहिला गुन्हा मी जळून केला होता. हा दुसरा शांत डोक्यानं केला.

क्वार्टर सोडायच्या दिवशी टेम्पोत सामान चढवायला मी गेलो. अपराधी माणूस मदतीला फार तत्पर असतो. तिथे मी त्यांच्या यजमानांना पहिल्यांदा पाहिलं. देवरावभाऊ खाटेवर बसले होते. साखरेच्या आजारानं दोन्ही डोळे गेलेले, डाव्या पायाची दोन बोटं कापलेली. मी हात दिला तसा त्यांनी तो सोडला नाही, पेरं चाचपली.

"कंपोझिटर होतास काय गा?"

"हो. तुम्हाला कसं..."

"अबे, बत्तीस वर्षं खिळे जुळवले मी. हा घट्टा दुसऱ्या कोणाले येत नाही." मग ते खूश होऊन बोलायला लागले. "ही सांगते तुह्याबद्दल. माह्या गोष्टी तूच छापत होतास ना? मले तर गोडाचा कणही नाही. डोळे गेल्यावर म्हटलं हिले, खाता येत नाही तर ऐकव तरी. तर ही लिहाले लागली. रोज जेवण झालं का वाचून दाखवे. कधी कधी मीच म्हणो, आज मले मिशा लाव वं. आज मले कळमन्याचा दलाल कर. अन् ही येडी, करे!"

आतून मेश्रामबाईंचा आवाज आला, "झालं काय तुमचं? पूर्ण घरदार सांगा आता त्याहिले!"

"अन् सांगू काय," ते आवाज उतरवून म्हणाले, "घरी चॉकलेट आणत नाही. तिकडंच खाऊन, चूळ भरून येते. मले वास येऊन जीव तळमळू नये म्हणून. तरी येतेच वास. मी सांगत नाही तिले."

मी एक ट्रंक उचलली आणि बाहेर गेलो.

ते दोघं खाप्याला, देवरावभाऊंच्या धाकट्या भावाकडे राहायला गेले. मागच्या अंगणाकडची एक खोली मिळाली. मी दिवाळीला आणि चौदा एप्रिलला फोन करत असे. बाई बोलत, पण लिहीत नव्हत्या. म्हणाल्या, "इथं भिंत पातळ हाय भाऊ. पलीकडं सुना-लेकरं. असल्या गोष्टी मोठ्यानं कशा वाचू? त्याहिले म्हणते, आठवा मनातल्या मनात." सचिवांच्या हाती गेलेली गोष्ट परत आणता आली नाही, आणि आता देवरावभाऊंच्या कानांना उरलेल्या गोष्टीही मिळेनाशा झाल्या. हे मला त्या फोनवर कळलं.

यंदाच्या जानेवारीत देवरावभाऊ गेले. मी खाप्याला पोचलो तेव्हा अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. थोड्या वेळानं फाटकाशी सुनंदाताई दिसल्या. केस पांढरे झालेले, हात रिकामे. मेश्रामबाईंनी पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सुनंदाताई तिथेच उभ्या राहिल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "दिलीपभाऊ, तुमी तरी सांगा ना तिले. लेकराची शप्पथ, मी कोणाले नाही सांगतलं. तुमचं ऐकते ती."

मी म्हणालो, "आज नको. त्या दुःखात आहेत."

सुनंदाताई मान हलवून आल्या पावली गेल्या. निघताना मेश्रामबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "सगळ्याहित एक तुमीच सोबत राहिले, भाऊ." मी तो हात काढून घेतला नाही.

मेश्रामबाई खाप्यालाच आहेत. बस दीड तासाची आहे. मला त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे, की नाव मी सांगितलं, का सांगितलं, आणि तुम्ही सुनंदावर संशय घेतला तेव्हा मी असेल म्हणालो. नंतर हुडकेश्वरला जाऊन हेच सुनंदाताईंना सांगायचं आहे. हे इथे लिहिल्यानं त्यातलं काही फिटत नाही. ते अजून माझ्याकडून व्हायचं आहे.