स्लॅबखालची ऊब

नांदेडच्या बसस्थानकावर सकाळी उन्हाचा एकच पट्टा पडला होता आणि सगळे प्रवासी त्या पट्ट्यात गोळा झाले होते. एरवी उन्हाला शिव्या देणारी आम्ही माणसं त्या दिवशी त्याच्यासाठी एकमेकांना ढकलत होतो. मी लातूरची गाडी धरली. चाकूरला उतरून अक्काच्या गावी जायचं होतं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्या घरातून मी पहिला पदवीधर झालो, तो ती लातुरात लोकांच्या स्लॅबवर काँक्रीटची घमेली वाहत होती म्हणून. आता तिच्या स्वतःच्या घराचा स्लॅब टाकून झाला होता. तो बघायला मी निघालो होतो.

माझ्या खिडकीची काच बोटभर उघडी राहत होती. शेजारचे काका मफलरीतून म्हणाले, "लावा की ती खिडकी."

"लागत नाही, काका."

"शिकलेलं माणूस दिसून राहिलं, अन् एक खिडकी लागंना व्हय?"

मी फटीत रुमाल कोंबला. "आता कसं, चुलीम्होरं बसल्यावानी!" म्हणत काका लोह्यापर्यंत झोपले.

लोह्यात चहा घेतला. पुढे दोन्ही बाजूंना हरभरा आणि करडई हिरवीगार होती, तुरीचे ढीग खळ्यांवर पडले होते. अहमदपूरला गरम भजी मिळाली. चाकूरला दाजी मोटारसायकल घेऊन उभे होते. ते लातूरच्या आडतीत हमाली करतात. क्विंटलभर बोजा पाठीवर असला तरी थट्टा थांबत नाही त्यांची.

"या साहेब! नांदेडची थंडी संगंच आणली व्हय?"

घर दिसलं आणि मी थक्क झालो. स्लॅबवर कडबा आणि बारदाना (रिकामी पोती) अंथरला होता. खालची चारही अंगं निळ्या ताडपत्रीनं गच्च बांधली होती. आमच्या भागात स्लॅब उन्हापासून जपतात, त्यावर आळी करून पाणी साठवतात. थंडीपासून जपलेला स्लॅब मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काल सकाळी नख लावलं तर नखाचा वण उठला," दाजी सांगू लागले. "मिस्त्री म्हनला, थंडीत सिमेंट उशिरा आवळतंय. वरून झाका अन् सेंट्रिंगचे टेकू काढायची घाई करू नका. पर मला चैन पडंना. आपला शेजारी लष्करात हाय, बर्फात. त्यानं फोनवर सांगितलं, तिकडं काँक्रीटभवती तंबू ठोकून आत बुखारी (लोखंडी शेगडी) ठिवतात. तिला धुराचा पाइप असतो म्हणं. आपण लाकूड जाळलंच न्हाई, निस्ता कोळसा. धूरच न्हाई तर पाइप कशाला?"

मला ते अगदी पटलं. मी त्यांची पाठही थोपटली.

ताडपत्री उचलून आत डोकावलो. लाकडी टेकूंच्या गर्दीत तीन घमेल्यांत निखारे लाल झाले होते. दुपारपासून चंद्री शेळी आणि तिचं पिलू आत बांधलेलं होतं. ऊब मऊ आणि गोड होती. बाहेर येऊ नये असं वाटलं.

"आज रातच्याला समदे आतच झोपू," दाजी म्हणाले. "पत्र्याच्या खोलीत लेकरं कुडकुडतेत. पाव्हण्याला एसी रूम!"

"एसी न्हाई ओ, हिटर," अक्का हसली. "दत्ता, बस. चंद्रीच्या दुधाचा चहा करते." तांब्या घेऊन ती दूध काढायला ताडपत्रीआड गेली.

आम्ही बाजेवर बसलो. ऊन कलत होतं. बराच वेळ झाला.

"काय गं, शेळी हाय का म्हैस?" दाजींनी हाक मारली. उत्तर नाही. "बगा, भाऊ आला की लई माज येतो हिला."

आत तांब्या खणकन पडला. दाजी हसतच उठले, ताडपत्री उचलली, आणि ते हसू तोंडावर तसंच थिजलं.

अक्का टेकूला घसटून खाली पडली होती. दाजींनी तिला बगलेत धरलं, मी पाय उचलले. बाहेर आणलं तेव्हा तिचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती आम्हाला पाहत नव्हती. दाजींनी विळ्यानं ताडपत्री टराटरा फाडली. चंद्री मान ताणून पडली होती. ती गेली होती. पिलू मात्र कडेला, ताडपत्री जमिनीला जिथं टेकत नव्हती त्या फटीशी तोंड लावून पडलं होतं. ते जिवंत होतं.

चाकूरच्या दवाखान्यात अक्काला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कोंदट जागेत कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला धूर नसतो, वास नसतो. म्हणून माणूस पळत नाही, पेंगतो," त्या म्हणाल्या. "रात्री आत कोणी झोपणार होतं का?"

दाजींनी टोपी काढली आणि ते भिंतीला धरून खाली बसले.

अक्काला शुद्ध आली तसं ती पुटपुटली, "स्लॅब उघडा तर न्हाई ना पडला?"

"खड्ड्यात गेला तो स्लॅब!" दाजी ओरडले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

दुसऱ्या दिवशी अक्काला घरी आणलं आणि आम्ही स्लॅबवर आणखी कडबा पसरला. अक्कानं बाजेवरूनच हुकूम सोडला, तेव्हा त्यावर घरातल्या वाकळी (जुन्या लुगड्यांच्या गोधड्या) पडल्या. खाली चारही बाजूंनी वारा मोकळा होता. दाजी दर थोड्या वेळानं तिच्याजवळ येऊन उगाच विचारत, "झोपलीस का?" आणि ती खेकसे, "झोपू द्याल तर!" ते खेकसणं ऐकलं की ते परत कामाला लागत.

परतीच्या गाडीत मला पुन्हा खिडकीची जागा मिळाली. हीही काच बोटभर उघडी होती. घमेली वाहणाऱ्या ज्या हातांनी मला शिकवलं ते त्या संध्याकाळी थंड पडू लागले होते, आणि त्याच्या थोडंच आधी माझं शिक्षण दाजींची पाठ थोपटून मोकळं झालं होतं. तो विचार चाकूरपासून माझ्या छातीवर बसला होता.

"थंडी लागून राहिली ओ, काहीतरी कोंबा तिथं," मागून एक बाई म्हणाल्या.

"माझी शाल घ्या, मावशी," मी म्हणालो. शाल त्यांना दिली, आणि फट तशीच राहू दिली.